अस्वलासाठी रिव्हॉल्व्हर घ्यावं काय?

जांबोटीकडं काजूची बाग हाय आमची, एप्रिल-मेत पहाटे बिया वेचायला जायचं तर अस्वलाची भीती, परवा दहा पावलांवर वारूळ उकरत बसलेलं की ओ! .३२ चं, म्हंजे बारक्या गोळीचं, रिव्हॉल्व्हर चालंल काय?

— .३२ नं थांबत नाही ते, उलट चिडतंय. अमेरिकेत अस्वलासाठी .४४ मॅग्नम नाहीतर १० एमएम असली जास्त ताकदीची हत्यारं बाळगतात, आपल्याला लायसनवर ते कुठलं मिळायला. आणि अंगावर धावून आल्यावर नेम धरणार कोण?

— अस्वल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १ मधला, म्हंजे सगळ्यात कडक संरक्षण असलेला प्राणी हाय. त्याच १९७२ च्या कायद्यात कलम ११ नं जीव वाचवायला मारलं तर सूट हाय, तरी चौकशी होतीच.

— त्याला लांबचं नीट दिसत नाही, अचानक समोर गेलं की घाबरून झडप घालतंय. आमचे मामा काठीला घुंगरू बांधून खोकत जातात, तेबी उजाडल्यावरच.

— बरं, घुंगरू आणतो मग 😄