गावच्या वस्तूंचे संग्रहालय: काय स्वीकारावे आणि कशाच्या आधारे?

वाचनालय_कार्यकर्ता:
आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाने वरच्या मजल्यावरील एक खोली गावाच्या इतिहासासाठी द्यायचे ठरवले आहे. हे कळताच लोक आपुलकीने घरातील वस्तू आणून देऊ लागले: पायली, अधोली, चिपटे अशी धान्याची मापे, अडकित्ते, मोडी कागदांची दोन दप्तरे, बैलांच्या घुंगुरमाळा, एक बंद पडलेला ग्रामोफोन आणि नांगरताना सापडलेली तांब्याची चार नाणी. ओढ्याकाठचा वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड) आणून देण्याचीही एकांची तयारी आहे. कपाटांपुरती वर्गणी जमली आहे. परंतु सगळेच स्वीकारावे की निवड करावी, यावर कार्यकारिणीत एकमत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

तेरणाकाठ:
कपाटे घेण्यापूर्वी सर्वांनी एकदा धाराशिव जिल्ह्यातील तेरला जाऊन यावे. गोरोबाकाकांचे तेर म्हणजेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख असून, तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, मिळणाऱ्या मातीच्या मूर्ती, मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या जपून ठेवल्या आणि त्यांतूनच आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. तेरला मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती इटलीतील पाँपेई येथे, म्हणजे इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात, 1938 साली सापडली. तेरची मूर्ती तेरचीच आहे हे ठाऊक असल्यामुळेच हा दुवा जुळतो. तीच एखाद्या व्यापाऱ्याच्या दुकानातून आली असती, तर केवळ एक सुंदर वस्तू म्हणून उरली असती. म्हणून निवडीचा माझा निकष वयाचा नाही. जिच्याविषयी कोणाची, कोठली, कशासाठी वापरलेली हे सांगता येईल, ती वस्तू घ्यावी, मग तो ग्रामोफोन का असेना.

नोंदवही:
वरील मताशी मी पूर्णपणे सहमत आहे. पहिली खरेदी जाड बांधणीच्या नोंदवहीची करावी आणि वस्तू हाती येताच अनुक्रमांक, देणाऱ्याचे नाव, तारीख, माप आणि त्यांनी सांगितलेली हकीकत त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी. धान्याच्या मापांबाबत तर हे अत्यावश्यक आहे, कारण दशमान पद्धत येण्यापूर्वी शेर आणि पायली यांचे प्रमाण ठिकठिकाणी वेगळे असे; गावाचे नाव नसेल तर त्या मापाने काय मोजले गेले हे कळत नाही.

नाण्यांबाबत सावध राहावे. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे 1878 च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू, आणि महत्त्वाच्या हस्तलिखितांच्या बाबतीत पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते, पुरावशेष ठरतात व त्यांतील काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. पुरातत्त्व विभागाला पत्र लिहून विचारावे. तोवर नाणी चिंचेने घासू नयेत, अक्षरे झिजतात. मोडी कागदांना प्लास्टिकचे लॅमिनेशन मुळीच करू नये, ते पुन्हा सोडवता येत नाही.

वीरगळ मात्र हलवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो ज्या जागी उभा आहे, ती जागाही त्याच्या इतिहासाचाच भाग आहे. खोलीत त्याचे छायाचित्र आणि वाटेचा नकाशा लावावा.

वाचनालय_कार्यकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. वीरगळ जागेवरच राहील आणि नाण्यांविषयीचे पत्र उद्याच देतो. अधोली देणाऱ्या आजींनी ती देताना, हिनेच सालगड्यांना धान्य मोजून दिले जाई, असे सांगितले होते. पण ते कोणी लिहून घेतले नाही. रविवारी वही घेऊन पुन्हा त्यांच्याकडे जात आहे.