टिपणातले साखळी-आणे मीटरमध्ये कसे आणायचे?

प्रश्न (बांधावरचा):
सर्व्हे नंबरच्या जुन्या टिपणाची (मोजणीच्या वेळी बाजूंची मापे लिहिलेल्या कच्च्या आराखड्याची) नक्कल समोर आहे. एका बाजूवर ७-१०, लगतच्या बाजूवर ५-४ असे आकडे. चौकोन जवळजवळ काटकोनी. साखळी ६६ फुटांची धरून ७.१० × ५.४ केले, तर क्षेत्र ३.८३ एकर येते. आकारबंदात (क्षेत्र आणि आकारणीच्या सरकारी नोंदवहीत) १ एकर ० गुंठे आहे. नक्की काय चुकते आहे?

शंकूसाखळी:
दोन चुका आहेत. त्यातली एक मोठी असल्यामुळे दुसरी झाकली गेली.

६६ फुटांची ती गंटर साखळी, १०० कड्यांची. मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी चाले आणि तिचे १६ आणे पडत. लांबी दुप्पट धरली की क्षेत्र चौपट होते. एवढ्यानेच एकराचे चार एकर झाले असते.

दुसरी चूक म्हणजे ७-१० हा दशांश नव्हे. ७ साखळ्या १० आणे म्हणजे ७ + १०/१६ = ७.६२५. तसेच ५-४ म्हणजे ५.२५. तुमच्या रीतीत पहिली बाजू कमी आली आणि दुसरी जास्त, म्हणून बेरीज-वजाबाकी होऊन फरक ४ टक्क्यांवरच दिसला.

आता मीटर. १ साखळी = १०.०५८४ मी., १ आणा = ०.६२८६५ मी. तेव्हा बाजू ७६.७० मी. आणि ५२.८१ मी.

क्षेत्रासाठी मात्र मीटरकडे धावू नका. साखळी गुणिले साखळी म्हणजे थेट गुंठा (३३ × ३३ = १०८९ चौ. फूट). ७.६२५ × ५.२५ = ४०.०३ गुंठे, म्हणजे १ एकर आणि वर गुंठ्याचा जेमतेम अर्धा आणा. आकारबंदाशी जुळले.

हेक्टरआर:
पुढची ठेच सातबाऱ्यावर लागते. गुंठा आणि आर एकच समजतात. १ गुंठा = १०१.१७ चौ. मी., आर पुरता १००. म्हणून तुमचे क्षेत्र ०.४०.५० येईल, म्हणजे ० हेक्टर ४० आर ५० चौ. मी. एका गुंठ्याला हा फरक सव्वा चौरस मीटरच्या आतला, पण १० एकरांत जवळपास पावणेपाच आर होतो. शेजारी तेवढ्यावर भांडतो.

शिवाय जुन्या उताऱ्यावर २-२० दिसले की ते अडीच एकर, २.२० नव्हे.

नक्कल झेरॉक्सची असेल तर पट्टी लावून मोजू नका, लिहिलेले आकडेच घ्या. कागद ताणतो, यंत्रही आकार बदलते. गावनकाशा इंचाला २० साखळ्या असा असेल तर तो १:७९२० ठरतो; ६६ फुटांची साखळी धरून हे प्रमाण जुळणारच नाही. साखळी ओळखायची ही झटपट परीक्षा.

बांधावरचा:
जुळले, आभार. याच जमिनीच्या मोडी कागदात 'बिघे' आहेत. त्यांचे चौरस मीटर करता येतील?

शंकूसाखळी:
गुणोत्तरे पक्की आहेत: २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर. काठी पाच हात पाच मुठींची. घोटाळा हातात आहे. १८ इंचांचा हात धरा किंवा साडेएकोणीसचा. लांबी ८ टक्क्यांनी वाढते, क्षेत्र १७ टक्क्यांनी. त्यातून हलक्या जमिनीचे जास्त क्षेत्र एका बिघ्यात धरायची रीतही होती. तेव्हा बिघ्याचे चार दशांशांपर्यंत चौरस मीटर काढून देणाऱ्या अ‍ॅपवर माझा विश्वास नाही. चतुःसीमा तीच असल्याची खात्री असेल तर आकारबंदातल्या गुंठ्यांना कागदावरच्या बिघ्यांनी भागा. त्या गावाचा, त्या प्रतीच्या जमिनीचा बिघा मिळेल, आणि तो तेवढ्यापुरताच वापरा.

त्रिकोणमिती:
जाता जाता, फूट ०.३०४८ मी. हा १९५९चा आंतरराष्ट्रीय. भारतीय मोजणीचा १९३७चा फूट ०.३०४७९८४१. तुमच्या ७६.७० मीटरच्या बाजूवर फरक अर्धा मिलिमीटरही नाही, विसरून जा. पण एव्हरेस्ट लंबगोलाची (भारतीय मोजणीत धरलेल्या पृथ्वीच्या आकाराची) मोठी अर्धअक्ष फुटांत दिलेली आहे, आणि भारतीय फूट १९३७चा घेतला की १९६२चा यावर ती ६३७७२७६.३४५ मी. होते किंवा ६३७७३०१.२४३ मी. म्हणजे जवळपास २५ मीटर इकडेतिकडे. टिपण जीपीएसच्या निर्देशांकांवर बसवताना सॉफ्टवेअरमध्ये कोणता एव्हरेस्ट निवडला आहे, ते आधी पाहा.