विंडोजच्या लॉगिनवरचा फोटो हटवताना तुमची कशी फे फे उडाली? (अनुभव धागा)

चौथी सीट
मंगळवारी बीकेसीत क्लायंटसमोर लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि भिंतीवर पातेल्याएवढ्या गोलात मी. हळदीतला. बनियन, मुंडावळ्या, गालांना हळद. मेव्हण्याचे उपद्व्याप. क्लायंट सभ्य होता, "काँग्रॅच्युलेशन्स" म्हणाला. लग्नाला दोन वर्षं झालीत.

घरी येऊन सेटिंग्ज, अकाउंट्स, युवर इन्फो उघडलं. कॅमेरा आहे, ब्राउज आहे, 'डिलीट' कुठेच नाही! गणपतीचा फोटो लावला, तर बाप्पा मोठ्या गोलात आणि शेजारच्या छोट्या गोलात हळद तशीच. कोणी कोणी हे भोगलंय? लिहा. उपाय नसला तरी चालेल, फजिती हवी.

मूदवरणभात
चौथी सीट, काढता येत नाही हो, झाकता येतो. ब्राउज करून सी ड्राइव्हवरच्या 'प्रोग्रामडेटा'त जा (फोल्डर लपवलेला असतो, व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक करा), तिथून मायक्रोसॉफ्ट, मग 'यूझर अकाउंट पिक्चर्स'. त्यातलं 'यूझर' नावाचं चित्र निवडलंत की तो राखाडी बिनचेहऱ्याचा माणूस परत येतो. छोट्या गोलातली हळद धुवायची तर कीबोर्डवरची विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून, दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण देऊन 'ॲपडेटा' असं इंग्रजीत टाइप करा. मायक्रोसॉफ्ट, विंडोज, अकाउंटपिक्चर्स. तिथलं उडवा.

मेव्हण्याचं काय करायचं ते तुम्ही बघा.

सातरस्ता
लॅमिंग्टन रोडवरून लेकीसाठी जुना लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारलेला आहे, एकदम कोरा." घरी चालू केला तर चष्मा लावलेले एक अनोळखी गृहस्थ, मागे बहुतेक माथेरान. पासवर्ड कागदाच्या चिठ्ठीवर लिहून दिलेला. म्हटलं नवीन अकाउंट करू, हे जातील. कसले जातात! लेकीचा गोल मध्ये, हे डावीकडे खाली कोपऱ्यात. तिसरीतली पोरगी रोज शाळेचं काम करायला बसताना त्यांना "गुड इव्हनिंग काका" म्हणायची. शेवटी भाच्याने 'अदर यूझर्स'मध्ये जाऊन ते अकाउंटच रिमूव्ह केलं. फोटोशी झटत बसू नका, माणूसच नको असेल तर अकाउंट काढा. पण आधी आत काही कामाचं नाही ना ते बघा, फायलीही जातात.

लेक दोन दिवस रुसली होती.

खजिनदार (नाइलाजाने)
आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ऑफिसातला पीसी. माजी सेक्रेटरींनी राजीनामा दिला, किल्ल्या दिल्या, शिक्का दिला. फोटो राहिला. नवीन कमिटीने तो तीनदा बदलला. दर वेळी काही दिवसांनी काका परत हजर, तेच स्मितहास्य. कमिटीत दोन तट पडले. एकाला वाटलं काका रात्री येऊन बदलतात. वॉचमनची चौकशी झाली, खरंच झाली!

त्यांनी पीसी स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने (ते ऑनलाइन असतं) चालू केला होता, एवढीच भानगड. फोटो त्या अकाउंटातून येत होता, आम्ही इथे कितीही पुसला तरी. काकांनाच फोन करावा लागला. "अहो, आधी विचारायचं ना," म्हणाले, आणि पुढची वीस मिनिटं पाण्याच्या टाकीवर बोलले. शेवटी पीसीला लोकल, म्हणजे त्या पीसीपुरतंच, अकाउंट केलं.

९.०७ फास्ट
आमच्या ऑफिसात प्रश्नच नाही. आयटीवाल्यांनी ग्रुप पॉलिसीत (सगळ्या पीसींना एकदम नियम लावायची विंडोजची सोय) 'सगळ्यांना डिफॉल्ट चित्र' करून ठेवलंय. एमडीसुद्धा राखाडी. (घरी विंडोजची होम एडिशन असेल तर तो पॉलिसीचा एडिटर शोधू नका, नसतो.)

गिरगावची गौरी
माझं उलटं आहे. विंडोज ८.१ वाला जुना लॅपटॉप भंगारात द्यायचा म्हणून शेवटचा चालू केला, तर लॉगिनवर आजी. चाळीच्या गॅलरीत, सुपात तांदूळ, वर न बघता. मीच काढला होता मोबाइलवर, तो मोबाइल लोकलमध्ये गेला आणि फोटोही गेला असं धरून चालले होते.

मूदवरणभात यांनी सांगितलेल्या ॲपडेटातल्या फोल्डरमधली फाइल उघडेना, तिचं एक्स्टेन्शनच (नावाचं शेपूट) वेगळं. मग यूझर्समध्ये 'पब्लिक', त्यात लपलेला अकाउंटपिक्चर्स, त्यात लांबलचक आकड्यांच्या नावाचा फोल्डर. आत आजी साध्या जेपीजीत, लहानमोठ्या मापांत. सगळ्यात मोठी ४४८ बाय ४४८ पिक्सेल.

स्टुडिओवाला म्हणाला, "मॅडम, याचा फार तर पासपोर्ट साइझ चांगला येईल." दोन प्रती काढल्या. एक आईच्या पाकिटात आहे.

चौथी सीट
गौरी, हे वाचून उडवायच्या आधी हळदीची फाइल पेनड्राइव्हवर घेतली. राखाडी माणूस लावलाय. बायकोने विचारलं, "हा कोण?"