मदत हवी आहे: व्हीआर हेडसेटने माणसं जवळ येतात की दुरावतात?

धाकटा भाऊ नोकरीसाठी दूर असतो. तो म्हणतो, दोघांनी व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवायचा, आभासी जगात नेणारा चष्मा) घेऊ, रोज भेटता येईल. व्हिडिओ कॉलपेक्षा यात वेगळं काही आहे हे पटतं: समोरचा जिथे उभा, तिथूनच त्याचा आवाज येतो, हातवारेही पोहोचतात. दिसतो मात्र त्याचा अवतार, म्हणजे संगणकाने काढलेली बाहुली! स्वस्तातले बहुतेक हेडसेट डोळ्यांची हालचाल टिपत नाहीत, म्हणजे नजरानजर होते तीही खोटीच.

माझी खरी अडचण घरातली आहे. मोबाईलवरून निदान मान वर करता येते. डोळे झाकलेला माणूस खोलीत असून नसल्यासारखा. आई आत्तापासूनच कुरकुरतेय. हेडसेटमधलं चित्र टीव्हीवर कास्ट केलं तर घरच्यांना सामील झाल्यासारखं वाटतं का, की ते नुसतेच बघे होतात?

व्हीआरचॅटसारख्या, कुणीही येऊन गप्पा मारणाऱ्या अॅपच्या अनोळखी गर्दीत मला जायचं नाही. मेटाला (फेसबुकवाली कंपनी) तिच्या अशाच व्हीआर अॅपमध्ये, कुणी अंगचटीला येऊ नये म्हणून, २०२२ मध्ये अवतारांत सुमारे ४ फुटांचं अंतर राखणारी सोय आणावी लागली, यातच काय ते आलं.

आपल्याच माणसांना असं नेमाने भेटणारं इथे कोणी आहे का? नवलाई ओसरल्यावरही भेटी चालू राहिल्या, की पुन्हा साध्या फोनवर आलात?