लिटल टोकियो (लॉस एंजेलिस): आईबाबांना घेऊन अख्खा दिवस जाण्यासारखं आहे का?

इंद्रायणीकाठ
नमस्कार मंडळी. आईबाबा नाशिकहून आलेत, आम्ही अर्व्हाइनला असतो. हॉलिवूड, सांता मोनिका, ग्रिफिथ सगळं दाखवून झालं. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळे मॉल आणि बीचमध्ये त्यांचं मन रमत नाही, जुनी वस्ती दिसली, इथे कोण राहत होतं, मग कुठे गेले हे कळलं की एकदम खूश. म्हणून शनिवारी डाउनटाउनच्या लिटल टोकियो या जुन्या जपानी वस्तीत न्यायचं मनात आहे. पण नेटवर बघावं तर नुसत्या रामेनच्या (जपानी नूडल-सूपच्या) जागा! आई पूर्ण शाकाहारी, मासे-अंडं काहीच नाही, आणि गुडघ्यांमुळे तिला सलग चालणं जमत नाही. गाडी न्यावी की ट्रेन? आणि खरंच दिवसभर पुरेल एवढं आहे का तिथे?

चाफेकळी
खरं सांगू का, दोन तासांत उरकतं. जपानी व्हिलेज प्लाझा या दुकानांच्या चौकात चक्कर मारा, फोटो काढा, किनोकुनियात पुस्तकं-स्टेशनरी बघा, झालं. जपानी खाणं आणि ग्रोसरीच हवी असेल तर टॉरन्सला जा, नाहीतर सॉटेलला, तिथे पार्किंगचाही त्रास कमी. लिटल टोकियो आता बरंचसं टुरिस्टी झालंय असं माझं मत.

पूर्वरंग
चाफेकळी, प्लाझापुरतं बोलत असाल तर मान्य, पण तो प्लाझाच मुळी १९७८ चा आहे हो! वस्ती त्याच्या कितीतरी आधीची, १८८४ च्या सुमारास एका जपानी खलाशाने ईस्ट फर्स्ट स्ट्रीटवर खानावळ काढली तिथपासून तिची सुरुवात धरतात. अमेरिकेत अशा जुन्या जपानी वस्त्या तीनच उरल्यात, ही, सॅन फ्रान्सिस्कोची आणि सॅन होजेची.

इंद्रायणीकाठ, बाबांना आधी प्लाझात नेऊच नका. फर्स्ट स्ट्रीटच्या उत्तरेकडच्या फुटपाथवरून सुरुवात करा आणि त्यांना सांगा की खाली बघत चला. त्या फुटपाथमध्येच अक्षरं बसवलीत, प्रत्येक दारासमोर त्या जागेत कुठल्या काळी कुठलं दुकान होतं ते लिहिलंय, मधे मधे तिथल्या माणसांच्या आठवणी. शीला लेव्हरंट द ब्रेटव्हिल नावाच्या कलाकार आणि त्यांच्या सोबतच्यांनी १९९६ मध्ये हे केलं. लोक त्यावरून कॉफी घेऊन भराभर निघून जातात याचं मला फार वाईट वाटतं, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. एकेका दारापुढची नावं वाचत गेलात की १९४२ शी येऊन पोचता आणि मग जपानी नावं तुटतात.

दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढाई चालू असताना, १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी हुकूम ९०६६ काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या जवळजवळ १,२०,००० लोकांना घरंदारं सोडून नजरकैदेच्या छावण्यांत जावं लागलं, त्यातले दोन तृतीयांश इथेच जन्मलेले अमेरिकन नागरिक होते. फर्स्ट आणि सेंट्रलच्या कोपऱ्यावर १९२५ ची होंगवान्जी बौद्ध मंदिराची जुनी इमारत आहे ना, तिच्यासमोरच बसेस लागल्या होत्या. जाताना लोकांनी आपलं सामान त्याच मंदिरात ठेवलं. आज ती इमारत जपानी अमेरिकन नॅशनल म्युझियमची आहे. म्युझियमची समोरची मोठी नवी इमारत मात्र जानेवारी २०२५ पासून नूतनीकरणासाठी बंद केलीय, २०२६ अखेर उघडायचं ठरलंय, तेव्हा निघण्याआधी वेबसाइट बघाच. वस्तीतून फिरवणाऱ्या त्यांच्या वॉकिंग टूर असतात, त्याच्या तारखाही तिथेच मिळतील.

आणि रिकामी झालेली वस्ती रिकामी राहिली नाही. युद्धाच्या कारखान्यांत कामाला दक्षिणेकडून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं इथे राहायला आली, कारण शहरात बाकी बहुतेक ठिकाणी त्यांना घर देत नव्हते. तेव्हा या भागाला ब्राँझव्हिल म्हणायला लागले, फर्स्ट स्ट्रीटवरच्या फिनाले क्लबमध्ये जॅझचा मोठा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर वाजवून गेलाय! मग छावण्यांतले लोक परतायला लागले. थोडे सावरतायत तोवर १९५० च्या आसपास शहराने पोलीस मुख्यालयासाठी एक अख्खा ब्लॉक घेतला. ते मुख्यालयही २०१९ मध्ये पाडलं. आज दिसतं ते या सगळ्यातून टिकलेलं आहे, आणि धोका अजून गेलेला नाही. भाडी वाढल्याने जुनी दुकानं जातायत, २०२४ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने देशातल्या सगळ्यात धोक्यातल्या ११ ऐतिहासिक जागांत लिटल टोकियोचं नाव घातलं. म्हणून म्हणते, फोटो काढून निघू नका, त्या जुन्या दुकानांत जाऊन काहीतरी विकत घ्या.

आईंसाठी: जागा एकमेकींच्या जवळ आहेत आणि बसायला मिळतं. म्युझियमजवळ मोरेटन बे फिगचं प्रचंड झाड आहे, आपल्या वडाच्याच कुळातलं, १९२० च्या सुमारास कोयासान मंदिराच्या आओयामा नावाच्या भिक्षूंनी लावलेलं, त्याला शहराने ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिलाय. मंदिर नंतर फर्स्ट स्ट्रीटवरच दुसरीकडे हललं, झाड राहिलं. दुपारी जपानी सांस्कृतिक केंद्राची बाग बघा, लहानशी आहे पण वाहतं पाणी आहे, शांत आहे. त्या केंद्रासमोरचं मोठं अंगण इसामु नोगुची या शिल्पकाराने आखलंय, तो जन्मला लॉस एंजेलिसमध्येच, १९०४ साली.

तूपसाखर
खाण्याबद्दल मी सांगते, आम्हीही घरी शाकाहारीच. मुख्य अडचण दाशीची, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या माशाच्या पाण्याची. भाज्या आणि टोफू दिसतात म्हणून आपण मागवतो पण उडॉनचं पाणी, मिसो सूप, टेम्पुराबरोबरचं सॉस, बहुतेक सगळ्यात सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, इनारीचा (भात भरलेल्या टोफूच्या पुडीचा) टोफूसुद्धा त्यातच शिजवतात. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही, "दाशी आहे का, फिश स्टॉक आहे का" असं स्पष्ट विचारायचं. काकडीचा नाहीतर अव्होकाडोचा रोल बिनधास्त चालतो. सोबत दशम्या किंवा थेपले घेऊन जा, बागेशेजारच्या अंगणात बसून खाता येतात.

पण गोडासाठी फुगेत्सु-दो चुकवू नका! १९०३ चं दुकान, अजून त्याच किटो घराण्याकडे, छावणीच्या वर्षांत बंद होतं आणि १९४६ मध्ये परत उघडलं. मोची म्हणजे तांदळाच्या पिठीची मऊ पारी आणि आत गोड केलेल्या लाल किंवा पांढऱ्या डाळीचं सारण, माझ्या सासूबाईंना तर उकडीच्या मोदकाचीच आठवण झाली. कशात काय आहे ते काउंटरवर विचारा, नीट सांगतात. सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत बरेच प्रकार संपतात. आणि मोची त्याच दिवशी खायची, फ्रिजमध्ये कडक होते.

ओसरी
ट्रेननेच जा. अर्व्हाइनहून मेट्रोलिंकने युनियन स्टेशन, तिथून मेट्रोच्या ए लाइनने एकच स्टॉप. लिटल टोकियोचं स्टेशन जून २०२३ पासून जमिनीखाली आहे, लिफ्ट आहे, म्हणजे काकूंना जिने नकोत. फक्त येतानाची मेट्रोलिंक आधी बघून ठेवा, वीकेंडला गाड्या कमी असतात.

इतिहासाच्या मास्तरांसाठी आणखी एक. सेई फुजी यांचं नाव त्यांना जरूर सांगा, वस्तीत त्यांचं कंदिलाचं स्मारक आहे. इथल्या यूएससी विद्यापीठातून कायदा शिकलेले, पण जपानी माणसाला नागरिकत्वच मिळत नसल्याने वकिली करता आली नाही, मग वर्तमानपत्र काढलं. नागरिकत्व मिळू न शकणाऱ्यांना जमीन घेता येणार नाही असा कॅलिफोर्नियाचा १९१३ चा कायदा होता, त्यावर ते मुद्दाम जमीन घेऊन कोर्टात गेले आणि १९५२ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टात जिंकले. वकिलीची सनद मिळाली २०१७ मध्ये, मरणोत्तर. यात आपलाही संबंध आहे बरं का. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ओझावा या जपानी माणसाला "तुम्ही गोरे नाही" म्हणून नागरिकत्व नाकारलं आणि तीनच महिन्यांनी १९२३ मध्ये त्याच कोर्टाने आपल्या भगतसिंग थिंद यांनाही नाकारलं, मग तोच जमिनीचा कायदा इथल्या भारतीय शेतकऱ्यांवरही चालला. नागरिकत्वाची वाट आपल्याला मिळाली १९४६ ला, जपान्यांना १९५२ ला. आज आपण इथे घरं घेतो, त्यामागे या वस्तीतल्या माणसांचंही भांडण आहे.

चाफेकळी
पूर्वरंग, फुटपाथवरचं मी खरंच कधी वाचलं नव्हतं. पुढच्या वेळी मुलांना घेऊन मुद्दाम जाते. सॉटेलबद्दलचं मत मात्र कायम, जेवण तिकडेच चांगलं मिळतं 🙂

इंद्रायणीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार! बाबांना थिंद खटल्याचं वाचून दाखवलं तर ते लगेच वही घेऊन बसले. ट्रेन नक्की. आता ते विचारतायत की यातली एखादी छावणी अजून बघता येते का?

पूर्वरंग
येते की. मॅनझनार, ३९५ हायवेवर, लॉस एंजेलिसहून साडेतीन-चार तास. नॅशनल पार्कवाल्यांकडे आहे, पुन्हा बांधलेल्या बराकी आहेत, टेहळणीचा मनोरा आहे, आणि मागे दफनभूमीत तिथल्याच लोकांनी १९४३ मध्ये उभारलेला पांढरा स्तंभ आहे. एका वेळी दहा हजारांवर माणसं तिथे ठेवली होती. एका दिवसात जाऊन-येऊन काकूंना झेपणार नाही, लोन पाइनला मुक्काम करा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन सोसवत नाही, ऑक्टोबर उत्तम. वारा फार असतो, कानटोपी न्या.