‘सातारा’ची अक्षरं आणि ३! चा भागाकार

प्रश्न असा, की सातारा इंग्रजीत (SATARA) लिहून सहा अक्षरं फिरवली तर रचना ७२० न होता १२० च का होतात. आमच्या साताऱ्यात अकरावीची मुलं माझ्याकडे येतात, तीही दरवर्षी इथंच अडतात. मी फळ्यावर तिन्ही ‘ए’ लाल, निळ्या, हिरव्या खडूनं काढतो. आता सहाही अक्षरं वेगळी, म्हणून ६×५×४×३×२×१ = ७२०. मग एकच रचना घेऊन फक्त रंगांची अदलाबदल करायला लावतो. सहा ओळी होतात. सगळे ‘ए’ पांढऱ्या खडूनं गिरवले, की सहाही ओळी एकसारख्या! म्हणजे प्रत्येक रचना सहादा मोजली होती; ७२० भागिले ३!, म्हणजे ३×२×१ = ६. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की सूत्र पाठ करावं लागत नाही. ‘सांगली’ (SANGLI) या शब्दात एकही अक्षर पुन्हा येत नाही, तिथं ७२० च.

दोन ‘ए’ शेजारी नकोत, या पोटप्रश्नात मात्र जपून. तिन्ही ‘ए’ एकत्र असलेल्या २४ रचना वजा करून बरेचजण ९६ लिहितात, पण त्यात दोनच ‘ए’ चिकटलेल्या तशाच राहतात. त्यापेक्षा आधी एस, टी, आर मांडा: ६ प्रकार. त्यांच्या मध्ये आणि कडेला मिळून चार जागा, त्यातल्या तीन निवडायच्या: ४ प्रकार. उत्तर २४.