मदत हवी आहे: सुरीची पांढरी मूठ हळदीने पिवळी झालीय

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे, त्यामुळे हळदीशी भांडण करून चालत नाही! पण यंदा ओल्या हळदीचं लोणचं घातलं आणि पांढऱ्या प्लास्टिक मुठीच्या दोन्ही सुऱ्या पिवळ्याजर्द झाल्या.

आधी धुण्याचा सोडा लावून घासलं, तर मूठ चक्क लालसर झाली. घाबरलेच. मग आठवलं, सोड्याने हळद लाल होतेच, कुंकू असंच तर करतात. लिंबू चोळल्यावर परत पिवळी. तीन दिवस गच्चीवर उन्हात ठेवल्या, त्याने बराच फरक पडला, पण रिव्हेटच्या कडेची पिवळी रेघ काही जात नाही. शेजारच्या काकूंनी नेलपॉलिश रिमूव्हर सुचवला. मुठीच्या टोकाला थेंबभर लावला तर प्लास्टिकच चिकट झालं, तो नाद सोडला. ब्लीचने पात्यावर डाग पडतात, म्हणून तेही नको.

तिसरी सुरी आईची, निदान वीस वर्षं जुनी. तिला हळद नाही, जुनेपणानेच मूठ पिवळट, खरखरीत झालीय. तिच्यावर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं तर चालेल का? की हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासू? नवी घ्या म्हणू नका, त्या पात्यासारखी धार आता मिळत नाही.